आईशप्पत नावाचं बटण

सुरेखाताई, आधी माफी मागतो. तुमच्याबद्दल लिहायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. मी तुमचा भाऊ नाही, भाचा नाही, तुमच्या गावचासुद्धा नाही. तुम्ही दौंड तालुक्यातल्या खुटबावच्या, मी शिरूर तालुक्यातल्या इनामगावचा, आणि मधे भीमा आडवी. प्रत्यक्ष भेटी बोटावर मोजण्याइतक्या. तुमचा भाऊ मिलिंददादा म्हणाला, "तिच्या गेमच्या ग्रुपवरच्या पोरांसाठी तूच लिही. तिचं ते सगळं तुला कळायचं." मी नको म्हणालो. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. लिहिणं म्हणजे पेपरात लिहिणं, एवढंच मला माहीत. मग लोक अशा वेळी काय लिहितात ते बघायला दोन-चार लेख वाचले. त्यात सगळीकडं 'मनमिळाऊ' आणि 'अजातशत्रू' हे शब्द होते. तुम्हाला ते शब्द लावले असते तर तुम्ही माझ्या कोडसारखेच खोडून टाकले असते.

आणि आपलं तर भांडण चालू होतं, ताई. ते अर्ध्यावर टाकून तुम्ही गेलात. आपल्या लगोरीच्या गेममधलं एक बटण ठेवायचं की काढायचं, एवढंच ते भांडण. मी ते बटण काढून टाकणारा बदल लिहून ठेवला होता. तो तसाच पडून राहिला, तुमच्या एका ओळीसकट: "थांब. आधी दोन गावं खेळू देत. मग बोलू." हे 'मग बोलू' आता मी कुणाशी बोलू? मला तुमची आठवण येते हे खरं आहे, पण त्याहून जास्त मला तुमचा राग आलेला आहे, आणि तो कसा लिहायचा हे त्या लेखांत कुठंच नव्हतं.

आपली ओळख दगडांमुळं झाली. मी शिरूरला बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला होतो. गेम बनवायचं एक इंजिन फुकट मिळतं, ओपन सोर्स असल्यानं त्याच्या आत काय आहे ते कुणालाही बघता येतं, बदलता येतं, असं कळलं होतं. दगड वरून सोडला तर खाली पडणार, चेंडू आपटला तर उसळणार, हे सगळं त्या इंजिनला आधीच शिकवलेलं असतं. मी दगडांची लगोरी रचली आणि गेम चालू केला. कुणी हात न लावता सगळे दगड फटाक्यासारखे उडाले. जगभरचे लोक जिथं प्रश्न विचारतात तिथं मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. एकानं उत्तर दिलं, 'हे आधी विचारून झालंय.' दुसऱ्यानं माहितीपुस्तिकेची लिंक टाकली, जी मी वाचली होती आणि जिच्यातलं अर्धं मला कळलं नव्हतं. मग कुणीतरी तो प्रश्नच बंद केला. मला कानफटात बसल्यासारखं झालं. हे आपलं काम नाही, असं मी स्वतःला सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तुमचा मेसेज आला. मराठीत.

"तुझ्या कोडात dagad आन् chendu लिहिलंय, त्यावरनं वळखलं. कुठला रे तू?"

"इनामगाव. तालुका शिरूर."

"आगं बाई, मग तर नदीपल्याडचाच की. हे बघ, तुझे दगड एकात एक घुसलेत. इंजिन त्यांना ढकलून भाईर काढतंय, म्हणून उडत्यात. एका घरात तीन भाऊ कोंबल्यावर काय हुतं? तसंच. जरा फट ठेव, मग नांदत्यात."

मी फट ठेवली. लगोरी उभी राहिली. मी खुर्चीतून उठून वर्गातल्या पोरांना दाखवत सुटलो. तुम्ही तेव्हा मला ओळखतही नव्हता.

पुढं कळलं की तुम्ही पुण्यात एम.सी.ए. केलंय, काही वर्षं तिथं नोकरी केलीय, आणि आईला एकटं वाटायला लागलं म्हणून परत येऊन वरवंडला हायवेलगत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकलंय. पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही एका हातानं कुणाचातरी सातबारा प्रिंट करत होता आणि दुसऱ्या हातानं मला स्क्रीनवर पळणारी पोरं दाखवत होता. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली 'आज उधार नाही'ची पाटी, आणि बाकावर सातबाऱ्याची वाट बघत बसलेले एक आबा.

"काय चाललंय गं पोरांचं? पिच्चर काढताय व्हय?"

"न्हाई आबा, लगोरी करतोय. कॉम्प्युटरवर खेळायची."

"आरं मग भाईर जाऊन खेळा की! मैदान काय वस पडलंय का?"

"गडी मिळत न्हाईत आबा. म्हणून तर एक गडी इनामगावला आन् एक खुटबावला बसवून खेळवायचंय."

आबा म्हणाले, "मग चेंडू न्यायचा कुणी? यष्टीनं?"

तुम्ही इतक्या हसलात की सातबाऱ्याचा कागद मशीनमध्ये अडकला. पण आबांचा प्रश्न बरोबर होता. मल्टिप्लेअर गेमचं सगळं दुखणं तेच आहे. इकडून फेकलेला चेंडू तिकडं पोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात तिकडचा गडी बाजूला झालेला असतो.

मला तुमच्याकडून जे शिकायला मिळालं ते कॉलेजात मिळालं नाही, असं मी म्हणणार नाही. आमचे सर चांगले आहेत. पण 'मॉड' या शब्दाचा अर्थ मला तुमच्या दुकानात कळला. दुसऱ्याच्या गेममध्ये आपल्याला हवा तसा बदल करायचा, एवढं मला पाठ होतं. तुम्ही म्हणालात, "मॉड म्हंजी, 'आमच्या गावात आसं न्हाई' म्हणायची सोय." मग तुम्ही लगोरीचे नियम गेममधून उपसून वेगळ्या फाइलीत काढले. खुटबावला टप्पा पडून लागलेला चेंडू धरत नाहीत. आमच्याकडं धरतात, पण गुडघ्याखाली लागला तर नाही, आणि चेंडू घोड नदीत गेला तर ज्यानं फेकला त्यानंच आणायचा. वरवंडच्या एका पोरानं त्यांच्या गावचा नियम लिहून पाठवला: कुत्र्यानं चेंडू पळवला तर डाव नवा. तुम्ही त्याच्यासाठी गेममध्ये कुत्रंसुद्धा घातलंत. मी आमच्या गावच्या फाइलीत दगडांऐवजी खापरं घातली, कारण आम्ही लहानपणी पांढरीच्या टेकाडावरची खापरं रचूनच खेळायचो, जिथं पुण्याचे संशोधक येऊन ब्रशनं माती झाडत बसलेले असायचे आणि आम्हाला हाकलायचे. तुम्ही ती खापरं बघून म्हणालात, "एवढं जुनं सामान आन् तुम्ही त्यावर चेंडू हानता? धन्य हाय गाव तुमचं."

इंजिनची नवख्यांसाठीची पानं तुम्ही मराठीत आणत होता. त्यावरूनही आपण भांडलो. 'नोड'ला, म्हणजे गेम ज्या एकेका तुकड्यातून जोडत नेतात त्याला, काय म्हणायचं? मी म्हणालो, नोडच म्हणू, सगळ्यांना कळतं. तुम्ही म्हणालात, "पेर म्हणू. उसाचं पेर. एका पेरातनं दुसरं फुटतं, आपल्याकडं शेंबड्या पोराला बी ठावं हाय." मी म्हणालो, लोक हसतील. तुम्ही म्हणालात, "हसू देत की. हसलं म्हंजी वाचलं तरी." ती पानं अर्धी झाली आहेत. अर्ध्यात पेर आहे आणि अर्ध्यात नोड, कारण ती मी लिहिली. आता ती एकसारखी करायला बसलो की माझा हात चालत नाही. हा पण राग त्यातच धरा.

गेम बनवायला शिकणाऱ्या पोरांसाठी तुम्ही जो ग्रुप चालवत होता, त्याचा एकच नियम होता, 'आधी शोधून बघ' असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. तोच प्रश्न दहाव्यांदा आला तरी उत्तर द्यायचं. नवी पोरं वाढायला लागली तेव्हा मी सुचवलं की त्यांच्यासाठी वेगळा विभाग करू आणि त्याला नाव देऊ 'कच्चं लिंबू'. मला वाटलं, किती छान नाव आहे. लहान पोराला खेळायला घ्यायचं, पळू द्यायचं, पण आऊट करायचं नाही. नवख्यांना असंच तर वागवायला पाहिजे. तुम्ही फोनवर मला मधेच तोडलंत.

"ते नाव नगं."

"का ताई? गोड आहे की."

"तुला गोड लागतंय." मग तुम्ही हसलात, पण नेहमीसारखं नाही. "आम्ही वस्तीवरच्या पोरी शाळेच्या मैदानात जायचो खेळायला. वरच्या आळीतली पोरं न्हाई म्हणायची न्हाईत, खोटं कशाला बोलू. घ्यायची डावात. पण म्हणायची, सुरी कच्चं लिंबू. रोज. चांगली दांडगी व्हते मी, पळायचे बी त्यांच्यापेक्षा जोरात. तरी कच्चं लिंबू. कारण मला चेंडू मारला की तो परत उचलावा लागंल ना? कुणाच्यातरी आईनं घरी सांगून ठेवलं आसंल." वर तुम्ही म्हणालात, "अख्ख्या लहानपणात मी एकदा बी आऊट झाले न्हाई, सोमनाथ. रेकॉर्ड हाय माझं."

मी वरच्या आळीतला आहे, ताई. विभागाचं नाव आपण 'नवे गडी' ठेवलं. मला वाटलं, तो विषय तिथंच संपला.

आता त्या बटणाकडं येतो.

इनामगावात नेट म्हणजे कधी आहे, कधी नाही. मी माझ्या स्क्रीनवर चेंडू चुकवायचो, पण सर्व्हरला ते उशिरा कळायचं, आणि तो मला आऊट द्यायचा. सर्व्हर म्हणजे पंच. मी चिडून तुम्हाला फोन करायचो, की आईशप्पत ताई, मला लागलाच नाही. एके दिवशी गेम उघडला तर स्क्रीनच्या कोपऱ्यात एक बटण आलेलं. त्यावर लिहिलेलं, 'आईशप्पत'. ते दाबलं की पंचाचा निर्णय फिरायचा, आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर नाव यायचं: 'सोमनाथनं आईची शपथ घेतली.'

मला आधी हसू आलं. मग भीती वाटली. मल्टिप्लेअरचा पहिला धडाच हा आहे की खेळणाऱ्याच्या मशीनवर विश्वास ठेवायचा नाही. निर्णय सर्व्हरचा. नाहीतर जो तो म्हणेल मला लागलाच नाही. मी तुम्हाला हे पानभर लिहून पाठवलं. दुसऱ्या देशातल्या एकानंही आपलं कोड बघून तेच लिहिलं, की हे भोक आहे, बुजवा.

तुमचं उत्तर आलं: "गावात कोण पंच आसतो का रे? तिथं कसं चालतं?"

"तिथं समोरासमोर असतात ताई. इथं तोंड दिसत नाही."

"म्हणून तर नाव दिसतंय सगळ्यांना. नावानिशी आईची शपथ घ्यायला पोरगं कचरतंच."

"सगळे तुमच्यासारखे नसतात."

"माझ्यासारखं कशाला, त्यांच्या आईसारखं आसावं की."

मी चिडून बटण काढणारा बदल लिहिला. त्यात एक वेगळी चूकही दाखवून दिली: 'बटण कायम चालू राहते. गडी आऊट नसला तरी दाबता येते, आणि मग तो उलटा आऊट होतो. आऊट नसताना बटण बंद असायला हवे.' त्याच्यापुढं तुम्ही लिहिलंत, "चूक न्हाई ती. राहू दे." कारण नाही, खुलासा नाही. नवख्या पोरांना एका प्रश्नाचं उत्तर देताना पानं भरणाऱ्या बाई तुम्ही, आणि मला पाच शब्द.

स्वतःचा बदल स्वतः स्वीकारायचा नाही, हा नियम आपण त्या बटणानंतरच केला होता. माझा तुम्ही बघायचा, तुमचा मी. त्या नियमापायी माझा बदल लटकला.

त्यानंतर तुम्ही कमी दिसायला लागलात. ग्रुपवर उत्तरं यायची, पण आखूड. एकदा दुकान बंद दिसलं. फोन केला तर आवाज खोल गेलेला.

"ताई, बरं नाही का?"

"खोकला हाय रे. हवा बदलली."

"दवाखान्यात दाखवलं का? खरं सांगा."

"आरं आईशप्पत, बरी हाय मी. तू ते शाळेचं बघ. इनामगाव आन् खुटबाव, दोन्हीकडच्या पोरांना समोरासमोर खेळवायचं ठरलंय ना? लॅबची कॉम्प्युटर चालत्यात का बघून ये."

मी विश्वास ठेवला. तुमचंच म्हणणं होतं ना, की आईची शपथ घेतल्यावर माणूस खोटं बोलत नाही? मी शाळेत गेलो आणि कॉम्प्युटर बघून आलो. चालू किती, बंद किती, माऊस कुणाला नाही, सगळं तुम्हाला लिहून पाठवलं. तुम्ही ते वाचलं की नाही, मला माहीत नाही.

मग ग्रुपवर तुमच्या नंबरवरून मेसेज आला: "ताई गेली. मी तिचा भाऊ मिलिंद." त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. त्या रांगेच्या मधोमध सोलापूरकडच्या एका नव्या पोराचा मेसेज होता: "सर माझा हिरो जमिनीतून खाली पडतोय, कुणी सांगेल का?" बाकीच्यांनी त्याला फाडून खाल्लं. कळत नाही का, वेळ काय, विचारतोय काय. मलाही त्याचा संताप आला होता. पण उत्तर मीच लिहिलं, की जमिनीला टक्कर लावायची राहिलीय, इंजिनला जमीन दिसते पण लागत नाही. लिहून झाल्यावर मी फोन पालथा ठेवला आणि अंगणात गेलो. आई भांडी घासत होती. तिनं विचारलं, काय झालं? मी सांगितलं, लगोरीवाल्या ताई गेल्या. तिनं भांडं खाली ठेवलं. तुम्हाला तिनं कधी बघितलं नव्हतं.

खुटबावला आलो तेव्हा तुमच्या आई ओट्यावर बसल्या होत्या. मी पाया पडलो. मिलिंददादानं सांगितलं, हा इनामगावचा सोमनाथ. त्यांनी मला जवळ बसवलं.

"तुला ठावं व्हतं का रं, तिला काय झालंय ते?"

"नाही मावशी. मी विचारलं होतं. बरी आहे म्हणाल्या. आईशप्पत म्हणाल्या."

त्या म्हणाल्या, "तुझ्यापाशी बी घेतली व्हय? माझ्यापाशी बी घेतली. माझी शपथ घेऊन मलाच फसवलं. म्या म्हनलं, खोटी शपथ घेतली तर मी मरंन गं बाई. तर म्हनली, न्हाई मरत, मी बघते." त्यांनी पदर तोंडाला लावला. "आन् बघ. मी हाय धडधाकट."

पुण्याच्या दवाखान्यात तुम्ही लग्नाला जाते सांगून जात होता, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी लग्नं कुणाच्या घरात असतात, असं कुणी विचारलंही नाही. ताई, का? ग्रुपवर कुणी विचारलं की 'हे येत नाही मला', तर तुम्ही त्याला पहिलं वाक्य काय लिहायच्या? "सांगितलंस ते बरं केलंस." प्रत्येकाला. मग तुम्ही का नाही सांगितलं? आम्ही काय केलं असतं ते माहीत नाही. कदाचित काहीच नाही. दुकानात येऊन बसलो असतो. प्रिंटा काढून दिल्या असत्या. पण विचारल्यावर ज्या शपथेवर तुमचा एवढा भरवसा होता तीच तुम्ही आमच्या तोंडावर फेकलीत, आणि मी ती झेलली. खुटबाववरून परत येताना मी ठरवलं, बटण काढायचं. त्या बटणाचा काय उपयोग आहे हे तुम्हीच दाखवून दिलंत.

तरी खेळ ठरल्याप्रमाणं करायचं मिलिंददादानं मनावर घेतलं. तिकडं खुटबावच्या शाळेत तो, इकडं इनामगावात मी, आणि दोन्हीकडं फोन स्पीकरवर. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर पोरं लॅबमध्ये कोंबली. सुरुवात चांगली झाली. खापरांची लगोरी फुटल्यावर आमची पोरं बाकांवर उभी राहिली. आणि मग व्हायचं तेच झालं. पहिला गडी आऊट झाला, त्यानं बटण दाबलं. दुसऱ्यानं दाबलं. मग कुणी आऊटच होईना. स्क्रीनभर शपथा.

स्पीकरवरून खुटबावची पोरं ओरडायला लागली, "ओ इनामगाव! आया जपा तुमच्या!"

"तुमच्या तुम्ही जपा!"

"एका डावात किती येळा घ्यावी रं? घरी गेल्यावर जेवायला कोण वाढायचं तुम्हाला?"

आमच्या एकाला मी खांद्याला धरून विचारलं, "खरंच लागला नाही का तुला?" तो शांतपणे म्हणाला, "लागला की दादा. पर बोटानं घेतलेली शपथ लागत न्हाई. तोंडानं घेतली तरच लागती." बाकीच्यांनी माना डोलवल्या. गावात हा नियम कधी झाला ते मला माहीत नाही.

मला रडावं की हसावं कळेना. तुम्ही तर तोंडानं घेतली होती.

कसाबसा शेवटचा डाव झाला. इनामगाव जिंकलं आणि आमच्या पोरांनी धिंगाणा घातला. माझं बरोबर निघालं होतं, पानभर लिहिलेलं सगळं. पण त्याचा आनंद झाला नाही. चीड आली, पोरांची कमी आणि तुमची जास्त. पोरं घरी गेल्यावर मी शाळेच्या पायरीवर लॅपटॉप उघडून माझा बदल काढला. 'स्वीकारा' असं लिहिलेली हिरवी पट्टी समोर होती. नियम मोडायचा होता, पण नियमातला दुसरा माणूस राहिलाच नव्हता. तेवढ्यात मिलिंददादाचा फोन आला.

"सोमनाथ, एक बिघाड घावलाय बघ गेममधी. लिहून घे."

"बोला दादा."

"ते बटण उलटं चालतंय. इथं एक पोरगी हाय, सानवी म्हणून. आमच्या वस्तीवरलीच. शेवटच्या डावात तीच एकली राहिली व्हती, लगोरी लागत आलती. तुमच्या पोरानं चेंडू हानला. गेम म्हनला, न्हाई लागला. आम्ही जिंकलोच म्हन की. आन् हिनं बटण दाबलं! गेला ना डाव! पोरं लई चिडल्यात तिच्यावर."

मी विचारलं, "का दाबलं म्हणे?"

"म्या बी तेच इचारलं. तर म्हनती, मला दिसला ना लागलेला. लागला तर लागला म्हनायचं." मग तो म्हणाला, "दुरुस्त हुईल का हे? का ताईनं काही लिहून ठिवलंय त्याचं?"

ताई, मी लॅपटॉप मिटला. मग तुमचेच शब्द तोंडातून गेले. "चूक नाही ती, दादा. राहू दे."

"आता राहू दे म्हनतोस तर राहू दे. पर बघ गंमत, डाव हरवला आन् पोरगी खुशीत. दारात बसलीय, आन् येईल त्याला सांगतीय, इनामगावच्यांनी मला मारला, मला लागला म्हणून."

माझा बदल मी मागं घेतला आहे. तुमच्यावरचा राग तसाच आहे, तो एवढ्यानं जाणार नाही. तुम्हीही एकदा ते बटण सानवीसारखं दाबायला हवं होतं, 'लागलंय मला' म्हणून. पण ही बातमी तुमच्यापर्यंत पोचवायला दुसरं कुणी नाही म्हणून मी लिहितोय: खुटबावच्या वस्तीवरच्या पोरीला चेंडू लागला, आणि ती आऊट झाली.